फायनान्सच्या मास्टर्सला वेटलिस्ट आली: काय करायचं, कुठल्या क्रमाने करायचं

वेटलिस्टचा मेल आला की बरेच जण त्याच रात्री बसून एक लांबलचक भावनिक पत्र लिहितात, पाठवून टाकतात आणि मग पुढचे दोन महिने पोर्टल रिफ्रेश करत बसतात. पत्र लिहायचंच आहे, पण ते सहावं काम आहे, पहिलं नाही. त्याआधीची पाच कामं न करता पाठवलेल्या पत्रात नवीन सांगण्यासारखं काहीच नसतं, आणि तोपर्यंत दुसऱ्या कॉलेजची डिपॉझिटची तारीख निघून गेलेली असते, हे नुकसान जास्त मोठं. म्हणून खाली क्रमानेच लिहितेय. एमफिन (मास्टर ऑफ फायनान्स), एमएस फायनान्स, फायनान्शियल इंजिनिअरिंग, क्वांट म्हणजे गणितावर चालणारं फायनान्स, सगळ्यांना हे लागू आहे, जिथे फरक पडतो तिथे वेगळं सांगितलंय.

१. मेल दोनदा वाचा, आणि पोर्टलसुद्धा उघडा

मेलची पहिली दोन-तीन वाक्यं सांत्वनाची असतात. कामाचं सगळं खाली असतं आणि नेमकं तेच वाचायचं राहून जातं. कागद घ्या आणि एवढ्या प्रश्नांची उत्तरं मेलमधून शोधून लिहा:

- वेटलिस्टवर राहायचंय असं वेगळं कळवावं लागतं का? फॉर्म आहे की मेल? शेवटची तारीख कुठली?
- जास्तीची कागदपत्रं चालतात का? चालत असतील तर कुठली, आणि कुठे टाकायची?
- लिस्टला क्रमांक आहे का? (बहुतेक ठिकाणी नसतो. जागा रिकामी झाली की सगळ्यांचे अर्ज परत बघतात.)
- निर्णय साधारण कधीपर्यंत देणार?

आणखी एक फरक बघून घ्या. काही प्रोग्राम वेटलिस्ट करत नाहीत, अर्ज पुढच्या राउंडला ढकलतात. दोन्ही वाचायला सारखंच वाटतं पण गणित वेगळं आहे. पुढच्या राउंडला ढकललं असेल तर तुमचा अर्ज नव्या अर्जांबरोबर तोलला जाणार, म्हणजे तुमचं नवीन जे काही असेल ते त्या राउंडच्या डेडलाइनच्या आत पोचलं पाहिजे. वेटलिस्ट असेल तर जागा कधी सुटते त्यावर सगळं.

सावधान: 'काही कळवलं नाही तरी नाव राहतंच' असं धरून चालू नका. ज्या प्रोग्रामना कळवावं लागतं तिथे फॉर्म न भरणाऱ्याचं नाव सरळ निघतं, कुणी आठवण करून देत नाही.

२. राहायचं की नाही ते ठरवा

हे पटकन उरकण्यासारखं आहे. एकच प्रश्न विचारा: हा प्रोग्राम जूनच्या शेवटी हो म्हणाला तर मी हातातलं सोडून खरंच जाईन का? खर्च, देश, कालावधी, नोकरीच्या संधी हे सगळं धरून उत्तर 'नाही' असेल तर आजच नाव काढून घ्या, दोन ओळींचा मेल पुरतो. उत्तर 'हो' असेल तर तारखेच्या आत फॉर्म भरा. त्या फॉर्मबरोबर लगेच पत्र जोडायची घाई करू नका, फॉर्ममध्ये नुसतं 'मला लिस्टवर राहायचंय, एक अपडेट थोड्या दिवसांत पाठवते' एवढं पुरे.

३. हातातली सीट आधी पक्की करा

हातचं सोडून पळत्याच्या मागे धावणं, या सगळ्या प्रकारातली सगळ्यात महागडी चूक हीच. जिथे ऑफर मिळालीय ते कॉलेज दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीचं असलं तरी ते आज तुमचं आहे, वेटलिस्टवालं नाही.

प्रत्येक ऑफरसाठी एका ओळीत लिहा: उत्तराची शेवटची तारीख, डिपॉझिट किती, परत मिळतं का, दुसरा हप्ता कधी, हॉस्टेलची तारीख, व्हिसाच्या कागदांसाठी पैशांचे पुरावे कधी द्यायचे. मग शेजारी वेटलिस्टच्या निर्णयाची अंदाजे तारीख. जवळजवळ नेहमीच डिपॉझिटची तारीख आधी येते. मग काय, डिपॉझिट भरायचं. वेटलिस्ट पुढे क्लिअर झाली तर ते पैसे बुडतील असं समजूनच भरायचं, तो तुमच्या सीटचा विमा आहे.

इथे अमेरिकेच्या १५ एप्रिलबद्दल फार गैरसमज आहे. बऱ्याच मुलांना वाटतं की १५ एप्रिलच्या आधी कुठलंही अमेरिकन कॉलेज उत्तर मागूच शकत नाही. १५ एप्रिलची मुदत ठरवणारा करार कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेचा आहे, आणि तो आर्थिक मदतीसह दिलेल्या ऑफरसाठी आहे, म्हणजे फेलोशिप, असिस्टंटशिप वगैरे, तोही ज्या विद्यापीठांनी मान्य केलाय त्यांच्यापुरता. फायनान्सचे मास्टर्स बहुतेक स्वतःच्या पैशावर असतात, त्यामुळे त्यांची डिपॉझिटची तारीख फेब्रुवारी-मार्चमध्येही असू शकते आणि ती तारीख खरी असते.

मुदत वाढवून हवी असेल तर मागा, त्यात काही चूक नाही. फक्त तारखेच्या आठवडाभर आधी मागा, नेमकी किती वाढ हवी ते सांगा, आणि एकदाच मागा. 'दुसरीकडून उत्तर यायचंय' एवढं कारण खरं आहे आणि पुरेसं आहे, घरच्या अडचणींच्या गोष्टी रचू नका.

तपासा: ऑफर लेटरच्या अटींमध्ये 'स्वीकारल्यावर बाकीचे अर्ज मागे घ्या' असं काही लिहिलंय का? असेल तर डिपॉझिटच्या आधी त्यांनाच विचारा. साधारणपणे एका ठिकाणी सीट घेऊन दुसरीकडे वेटलिस्टवर राहणं चालतं. दोन ठिकाणी डिपॉझिट भरून दोन्ही सीट अडवून ठेवणं मात्र योग्य नाही, आणि काही ठिकाणी ऑफर जाऊ शकते.

४. कमी कुठे पडलं ते शोधा

आधी हे समजून घ्या की वेटलिस्ट म्हणजे दरवेळी तुमच्यात खोट असतेच असं नाही. बॅच लहान असते, एकाच प्रकारच्या प्रोफाइलचे, म्हणजे इंजिनिअरिंग करून आयटीत दोन वर्षं काढलेले, असे ढीगभर अर्ज असतात आणि त्यांना सगळी बॅच तशीच भरायची नसते. किती जण डिपॉझिट भरतील याचा त्यांचा अंदाज चुकला की लिस्ट हलते, नाही चुकला तर नाही हलत. यातलं काहीच तुमच्या हातात नाही.

जे हातात आहे ते बघू. प्रोग्रामच्या साइटवर बॅचचं प्रोफाइल असतं, ते उघडा, आणि शेजारी स्वतःची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाची गुणपत्रिका, ठेवा. ट्रान्सक्रिप्ट, नुसता एकूण जीपीए नव्हे. विषयवार बघा.

फायनान्शियल इंजिनिअरिंग किंवा क्वांटच्या प्रोग्रामसाठी ते मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, प्रॉबॅबिलिटी, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि कोडिंग (पायथन, बऱ्याच ठिकाणी सी प्लस प्लस) शोधत असतात. बीकॉम किंवा इकॉनॉमिक्सवाल्यांचं इथे अडतं. इंजिनिअरचंही अडतं, पण वेगळ्या ठिकाणी: गणित पहिल्या-दुसऱ्या वर्षाला होऊन गेलेलं, त्यातही प्रॉबॅबिलिटीला कसेबसे मार्क, आणि अर्जात त्यानंतर गणिताचा मागमूस नाही.

साध्या एमफिनसाठी अकाउंटिंग, कॉर्पोरेट फायनान्स, स्टॅटिस्टिक्स, आणि फायनान्समधली एखादी इंटर्नशिप. इथे इंजिनिअरवर संशय असतो की याला फायनान्स खरंच करायचंय का, की नुसती लाइन बदलायचीय.

तिसरी गोष्ट दोन्हीकडे लागू आणि मुलं हिच्याकडे सगळ्यात कमी बघतात: करिअरचं उत्तर. हे कोर्स छोटे असतात, वर्ष-दीड वर्षाचे, आणि इंटर्नशिप-नोकरीचे अर्ज सुरुवातीच्या काही आठवड्यांतच करावे लागतात. विद्यार्थी येऊन मग ठरवेल काय करायचं, एवढा वेळच नसतो. त्यामुळे अर्ज वाचणारा माणूस 'हा मुलगा अभ्यास करू शकेल का' याच्याइतकंच 'याला नोकरी लागेल का' हेही बघत असतो. तुमच्या एसओपीत (अर्जाबरोबरच्या 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' या निबंधात) 'इन्व्हेस्टमेंट बँकिंग, कन्सल्टिंग किंवा डेटा अॅनालिटिक्स' अशी तीन टोकांची नावं एका वाक्यात असतील तर अडलं कुठे ते शोधायला फार लांब जायला नको.

चौथी शक्यता, प्रोफाइल भारी आहे पण तुम्ही येणार नाही असं त्यांना वाटतंय. एसओपीत त्या प्रोग्रामबद्दल दोन सामान्य ओळी असतील तर असं वाटू शकतं.

तपासा: एसओपी फायनान्समधल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला द्या आणि वाचून झाल्यावर विचारा, 'मला कुठली नोकरी हवीय?' त्याला एका वाक्यात सांगता आलं नाही तर तुमची मुख्य कमी सापडली.

५. चार-सहा आठवड्यांत जे भरता येईल तेवढंच भरा

कमी सगळ्या भरायला जाऊ नका. एक, फार तर दोन.

परीक्षा पुन्हा द्यायची का? जीआरई आणि जीमॅट या मास्टर्सच्या प्रवेश परीक्षा. जीआरईच्या दोन प्रयत्नांमध्ये २१ दिवसांचं अंतर लागतं आणि १२ महिन्यांत ५ वेळाच देता येते. जीमॅटला हे अंतर १६ दिवसांचं आहे. अधिकृत स्कोअर पोचायला आणखी दिवस जातात, ते धरून तारीख घ्या. जीआरई क्वांट (गणिताचा भाग) १६८ असेल तर १७० करण्यात वेळ घालवू नका, त्याने कुणाचा निर्णय बदलत नाही. क्वांट १६० च्या आसपास आहे आणि प्रोग्राम गणिताचा आहे तर मात्र परीक्षा द्या, बाकी कशाहीपेक्षा याचा उपयोग जास्त होईल. आणि मॉक टेस्टमध्ये सुधारणा दिसल्याशिवाय तारीख बुक करू नका.

कोर्स: ज्याला ग्रेड मिळते, विद्यापीठाचं क्रेडिट मिळतं असा एक कोर्स हा व्हिडिओ बघून मिळालेल्या पाच सर्टिफिकेटांपेक्षा वजनदार. कोर्स अजून संपला नसेल तर 'सुरू आहे, अमुक तारखेला ग्रेड येईल' असं लिहा आणि ग्रेड आली की पाठवा.

सीएफए (फायनान्समधली व्यावसायिक परीक्षा): लेव्हल वन वर्षातून चारदा होते, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. निकालाला नंतर काही आठवडे लागतात. फेब्रुवारीची दिली असेल आणि पास झालात तर लगेच कळवा. ऑगस्टसाठी नुसतं रजिस्ट्रेशन केलंय, ही बातमी नाही, फी भरल्याची पावती आहे फक्त.

प्रोजेक्ट: क्वांटवाल्यांना हा मार्ग चांगला, पण लहान ठेवा आणि पूर्ण करा. उदाहरण देते. युरोपियन कॉल ऑप्शनची (ठरलेल्या तारखेला ठरलेल्या भावात शेअर घ्यायच्या हक्काची) किंमत मॉन्टे कार्लोने, म्हणजे शेअरच्या भावाचे हजारो यादृच्छिक मार्ग (पाथ) बनवून, काढा आणि ब्लॅक-शोल्सच्या सूत्राच्या उत्तराशी ताडून बघा. बरेच जण इथे थांबतात आणि ग्राफ टाकून मोकळे होतात. पुढे जा: पाथ १०,००० वरून ४०,००० केले की स्टँडर्ड एरर निम्मा होतो का ते तपासा, कारण तो पाथच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलायला हवा. मग अँटिथेटिक व्हेरिएट्स (एरर कमी करायची एक पद्धत) लावून तेवढ्याच पाथमध्ये एरर किती कमी झाला ते एका तक्त्यात मांडा. दीड पानाची टिप्पणी, स्वच्छ कोड, जिटहबची लिंक. तुम्हाला प्रॉबॅबिलिटी नुसती पास होण्यापुरती येत नाही हे यातून दिसतं, आणि कुणी इंटरव्ह्यूत विचारलं तर तुम्ही अर्धा तास बोलू शकता. कुठूनतरी उचललेल्या 'एआयने शेअरचा भाव ओळखा' छाप प्रोजेक्टवर दोन मिनिटंही बोलता येत नाही.

नोकरी: प्रमोशन, नवीन जबाबदारी, टीम बदलून फायनान्सच्या कामात गेलात, हे सगळं चालतं. आकडा असेल तर द्या, आणि तो आकडा तुमच्या मॅनेजरला विचारला तर तोही तोच सांगेल असा हवा.

सावधान: मेलमध्ये 'जास्तीची कागदपत्रं पाठवू नका' असं स्पष्ट लिहिलं असेल तर पाठवायचं नाही. तिथे हुशारी चालत नाही, सूचना वाचता येत नाहीत एवढंच कळतं. ही तयारी तरी वाया जात नाही, पुढच्या वर्षीच्या अर्जाला लागते.

६. आता पत्र

लांबी एक पान, ३०० ते ४०० शब्द. पत्र अर्थातच इंग्रजीत जाणार, आत काय आणि कुठल्या क्रमाने हवं ते सांगते.

पहिला परिच्छेद, दोन वाक्यं. संधीबद्दल आभार, आणि जागा मिळाली तर मी येणार का. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. हा खरंच पहिल्या पसंतीचा प्रोग्राम असेल तर 'ऑफर मिळाली तर मी नक्की येईन' असं सरळ लिहा. हे वाक्य एकाच प्रोग्रामला लिहायचं. तीन ठिकाणी वेटलिस्ट असेल तर बाकी दोघांना 'माझ्या पहिल्या पसंतीच्या प्रोग्राममध्ये आहे' इथपर्यंत ठीक. शब्द देऊन फिरवला तर त्याचं ओझं तुमच्यानंतर अर्ज करणाऱ्या तुमच्या कॉलेजच्या मुलांवरही येऊ शकतं.

दुसरा परिच्छेद, नवीन काय घडलं. पत्राचा जीव इथे आहे. कमकुवत मजकूर असा असतो: 'अर्ज केल्यापासून मी माझी क्वांटिटेटिव्ह कौशल्यं वाढवण्यासाठी सतत मेहनत घेतोय.' वाचणाऱ्याच्या हाती काही लागलं? काही नाही. तेच असं लिहा: 'माझ्या ट्रान्सक्रिप्टमध्ये प्रॉबॅबिलिटीनंतर गणिताचा विषय नव्हता. मार्चमध्ये मी स्टोकॅस्टिक प्रोसेसेसचा क्रेडिट कोर्स ए ग्रेडने पूर्ण केला, ट्रान्सक्रिप्ट सोबत आहे.' कमी स्वतःच नाव घेऊन सांगितली, ती भरल्याचा पुरावा दिला, दोन वाक्यांत काम झालं.

तिसरा परिच्छेद, प्रोग्राम आणि तुमची नोकरी यांची सांगड. 'जागतिक दर्जाचं शिक्षण, नामवंत प्राध्यापक' हे कुणालाही लिहिता येतं. तुम्हाला फिक्स्ड इन्कममध्ये रिस्कचं काम करायचंय, तर त्यांच्या कोर्सच्या यादीतला कुठला विषय, कुठलं प्रॅक्टिकम (प्रत्यक्ष कामाचा प्रोजेक्ट), त्यातून तुम्हाला नेमकं काय करता येईल. साइटवरची यादी चालू वर्षाची आहे ना ते बघा, बंद झालेल्या विषयाचं कौतुक करणारी पत्रं जातात.

शेवटी एक ओळ: आणखी काही माहिती किंवा इंटरव्ह्यू हवा असेल तर मी तयार आहे. संपलं.

काय नको: निर्णय चुकीचा आहे असा सूर, दुसऱ्या उमेदवारांशी तुलना, घरच्यांच्या त्यागाची कहाणी, जुना एसओपी वेगळ्या शब्दांत, आणि दुसऱ्या कॉलेजच्या ऑफरचा धाक. दुसरी ऑफर आहे आणि तिची तारीख जवळ आलीय एवढी माहिती देणं वेगळं, ते एका साध्या ओळीत देता येतं.

तपासा: पत्रातलं प्रोग्रामचं नाव खोडून दुसऱ्याचं लिहा. पत्र तरीही चालतंय? मग तिसरा परिच्छेद पुन्हा लिहा. आणि पाठवायच्या आधी नाव परत बघा, एकाचं पत्र दुसऱ्याला जाणं हे वाटतं त्यापेक्षा खूप जास्त होतं.

७. जास्तीचं रेकमेंडेशन

परवानगी असेल तरच, आणि एकच. आधीच्या तीन पत्रांत नसलेलं काहीतरी सांगणारा माणूस हवा, जसं की सध्याचा मॅनेजर किंवा नवीन कोर्सचे प्राध्यापक. बड्या पदावरच्या, तुम्हाला एकदाच भेटलेल्या माणसाचं पत्र अजिबात नको. प्रोग्रामचे माजी विद्यार्थी ओळखीचे असतील तर त्यांच्याकडून माहिती घ्या, इंटरव्ह्यूची तयारी करून घ्या, वशिला लावायला सांगू नका.

८. पाठवल्यानंतर

पहिलं पत्र गेल्यावर पुढचा मेल दोनच कारणांसाठी: नवीन ठोस बातमी आली, किंवा त्यांनी सांगितलेली तारीख उलटून गेली. 'फक्त चौकशी करतोय' असे दर आठवड्याचे मेल बंद. फोन तर नकोच, आणि आईवडिलांनी किंवा कन्सल्टंटने केलेला फोन त्याहून नको.

लिस्ट हलते ती साधारण डिपॉझिटच्या तारखेनंतर, कारण तेव्हाच त्यांना किती जागा रिकाम्या राहिल्या ते कळतं. नंतर दुसरी लाट येते, कुणाला दुसऱ्या वेटलिस्टवरून बोलावणं आलं, कुणाचं लोन झालं नाही, कुणाचा व्हिसा अडला. ऑफर आली की उत्तराला कधीकधी दोन-तीन दिवसच देतात. म्हणून स्पॅम फोल्डर रोज बघा, आणि बँक स्टेटमेंट किंवा लोनचं मंजुरीपत्र आत्ताच तयार ठेवा.

अचानक इंटरव्ह्यूही येऊ शकतो. तीन उत्तरं तोंडात बसलेली हवीत: हाच प्रोग्राम का, कोर्सनंतरची पहिली नोकरी कुठली, आणि अर्जानंतर काय केलं.

९. होकार आला तर

आनंदाच्या भरात क्रम चुकतो. आधी ऑफर लेखी आलीय ना बघा, फी आणि स्कॉलरशिपचे आकडे वाचा (वेटलिस्टवरून घेतलेल्यांना स्कॉलरशिप उरलेली नसणं साहजिक आहे), सीट स्वीकारा, डिपॉझिटची पावती घ्या, आणि त्यानंतरच आधीच्या कॉलेजला नकार कळवा. उलटं करू नका.

व्हिसा हा सगळ्यात नाजूक भाग. अमेरिकेला जात असाल आणि पहिल्या कॉलेजचा आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) घेऊन सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) फी भरून झाली असेल, तर नव्या आय-२० वर नवीन सेव्हिस नंबर असतो. भरलेली फी नव्या नंबरवर ट्रान्सफर करता येते, पुन्हा भरायची गरज नसते. डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जातही नवी माहिती लागेल. ज्या कॉलेजला जाणार त्याच्याच आय-२० वर प्रवेश करायचा असतो, त्यामुळे जुन्या कॉलेजच्या नावाने व्हिसा शिक्का होऊन आला असेल तर तिकीट काढायच्या आधी दोन्हीकडच्या इंटरनॅशनल ऑफिसला लिहून विचारा. ब्रिटनला असेल तर नव्या विद्यापीठाचं कॅस (व्हिसासाठी विद्यापीठ देतं ती प्रवेशाची अधिकृत खात्री) लागतं, ते हातात येईपर्यंत व्हिसाचा अर्ज थांबवा.

वेळ पुरणारच नाही असं दिसलं तर ऑफर पुढच्या वर्षावर ढकलता येईल का ते विचारा, पण स्वीकारायच्या आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

१०. नकार आला, किंवा काहीच आलं नाही

स्वतःची एक शेवटची तारीख आत्ताच ठरवून ठेवा. व्हिसाची अपॉइंटमेंट, राहायची सोय आणि तिकीट या तिन्हीला लागणारा वेळ मागे मोजत आलात की ती तारीख आपोआप निघते. ती आली की वेटलिस्टवरून नाव काढायचा मेल करा आणि ज्या कॉलेजला जाताय त्याच्या तयारीला लागा. बऱ्याच क्वांट प्रोग्राममध्ये वर्ग सुरू व्हायच्या आधी गणित आणि कोडिंगचे तयारीचे कोर्स असतात, काहींच्या परीक्षाही असतात, आणि वेटलिस्टच्या नादात नेमके तेच बुडतात.

हातात दुसरी ऑफर नसेल आणि पुढच्या वर्षी परत अर्ज करायचा असेल तर आभाराच्या मेलमध्ये विचारा की अर्जात काय सुधारता येईल. सगळे प्रोग्राम उत्तर देत नाहीत, देतात त्यांचं एक वाक्यही जपून ठेवा. पुन्हा अर्ज करताना एसओपी नव्याने लिहा, कारण काही ठिकाणी जुना अर्ज शेजारी ठेवून वाचतात, आणि मधल्या वर्षात काय बदललं हे त्यांना पहिल्या पानावर दिसलं पाहिजे.